सतरा नंबरचा अर्ज

समितीत तिघंच जण होते आणि तिघांचं कशावरच एकमत होत नसे. कदाचित म्हणूनच निधीचा कारभार इतकी वर्षं सरळ चालला होता. एक बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, एक शाळेच्या हेडबाई आणि तिसरी वाचनालयातली ग्रंथपाल. ही गोष्ट ग्रंथपालबाईची.

एका कारखानदाराच्या बायकोनं मरताना मागे ठेवलेला हा निधी. त्यातून दर वर्षी लहान लहान संस्थांना मदत मिळे. कुठे पाळणाघर, कुठे चित्रकलेचा वर्ग, कुठे गाण्याचं मंडळ. देणारी बाई गेली, पण जाताना असे नियम करून गेली की भल्याभल्यांना घाम फुटावा. अर्जावरची नावं आणि पत्ते कारकून काळ्या शाईनं खोडून टाकी आणि वर नुसता नंबर घाली. अर्ज घरी न्यायचे नाहीत; तिथेच वाचायचे, तिथेच बोलायचं, तिथेच निकाल. आणि कुणाला अर्जदार ओळखू आला, तर त्यानं पेन खाली ठेवायचं, ‘मी बाहेर’ म्हणायचं आणि खोलीतून निघून जायचं. त्या अर्जाबद्दल तोवर तो जे काही बोलला असेल ते सगळं रद्द. उरलेल्या दोघांचं जमलं तर मंजूर, नाही जमलं तर नामंजूर. मॅनेजरांनी एकदा आपल्या न्हाव्याच्या गायनमंडळासाठी पेन खाली ठेवलं होतं आणि पुढे वर्षभर दाढी दुसरीकडे केली होती. माणूस असा.

त्या मंगळवारी दुपारपर्यंत सोळा अर्ज हातावेगळे झाले. चहा झाला. कारकुनानं सतरा नंबरच्या तीन प्रती तिघांपुढे ठेवल्या.

आईवडील वेगळे झालेल्या मुलांसाठी ‘भेटीची खोली’. जो पालक मुलाजवळ राहत नाही, त्यानं आठवड्यातून एकदा इथं यायचं. नुसतं समोरासमोर बसवलं की बाप आणि मूल दोघांचीही दातखीळ बसते, म्हणून इथं दोघांनी मिळून कापडी बाहुल्या शिवायच्या आणि पडद्यामागून त्यांचा खेळ करायचा. स्वतःच्या तोंडानं जे बोलवत नाही ते मूल बाहुलीच्या तोंडून धडाधड बोलतं, असं लिहिलं होतं. सध्या दहा मुलं येतात. घरमालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. मदत मिळाली तर खोली राहील, नाहीतर कुलूप.

ग्रंथपालबाईला अर्ज आवडला. तिनं पान उलटलं. शेवटचा प्रश्न सगळ्यांना असायचा: ‘हे काम तुम्हीच का करता?’

‘आम्ही दोघी बहिणी. वडील वेगळे राहायचे. रविवारी दोन तास भेटायला यायचे. मी बाकावर त्यांच्याजवळ बसायचे. ताई कधी बसली नाही. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवायची नाही, दोन तास तशीच उभी. तेव्हा मला तिचा फार राग यायचा. आता कळतं की तिला बसायला कुणी जागाच केली नव्हती. ही खोली मी तिच्यासाठी काढली असं म्हटलं तरी चालेल.’

ग्रंथपालबाईनं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं, जणू तिसऱ्या वेळी त्यात दुसरीच कुणी ताई सापडणार होती.

नऊ वर्षं दोघी बहिणी बोलल्या नव्हत्या. वडील गेले तेव्हा धाकटीनं फोन करून बोलावलं होतं. ‘ज्यानं आपल्याला टाकलं त्याच्यासाठी रडायची लाज नाही वाटत तुला?’ असं फोनवर विचारून हिनं तो आपटला होता. आईची बाजू आपण एकटीनं घेतली, धाकटी मात्र बापाच्या मांडीवर जाऊन बसली, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. आणि इकडे धाकटी इतकी वर्षं ताईसाठी जागा करत बसली होती.

पेन हातातच होतं. नुसतं खाली ठेवायचं होतं.

“मला काही हे पटत नाही,” मॅनेजर म्हणाले. ओळ चुकू नये म्हणून ते कागदावर फूटपट्टी ठेवून वाचत. “भेटायचं तर बागेत भेटा, हॉटेलात भेटा. त्याला खोली कशाला? आणि बाहुल्या कसल्या?”

“मला शंभर टक्के पटतंय,” हेडबाई म्हणाल्या. “माझ्या शाळेत अशी मुलं किती आहेत, सांगू?”

म्हणजे एक हो, एक नाही. ग्रंथपालबाई उठून बाहेर गेली, तर हे दोघं संध्याकाळपर्यंत भांडतील आणि खोलीला कुलूप लागेल. बसून राहिली, तर तिचं मत निर्णायक. आणि मनात कुठेतरी एक हलकट विचारही डोकावून गेला: नुसतं ‘नाही’ म्हण, कुणाला कळणार आहे? त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं मान वर केली आणि बोलायलाच लागली.

“बागेत भेटा म्हणणं सोपं आहे, साहेब. पाऊस आला की काय करायचं? बाप बिचारा घड्याळ बघतो, पोर बापाकडे बघते. येणारेजाणारे टकामका बघतात. हॉटेलात नेलं तर वेटर डोक्यावर उभा. दोन तासांत काय बोलायचं असतं हो? शाळा कशी आहे, बरी आहे. आई कशी आहे, बरी आहे. संपलं! उरलेला वेळ बसस्टँडवर तिकीटखिडकीसमोरच्या बाकावर बसून बसचे नंबर वाचायचे. आणि घरी गेल्यावर आई विचारणार, काय बोलले? काही नाही. मग आईला वाटणार, पोरी लपवताहेत. अशानं घरात बहिणीबहिणींचंसुद्धा फाटतं. ह्या बाईनं काय केलंय? हाताला काम दिलंय दोघांच्या. हात चालायला लागला की तोंड आपोआप चालतं. एवढी साधी गोष्ट कुणी केली असती ना, तर पुष्कळांचं आयुष्य वेगळं झालं असतं.”

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. हेडबाई थक्क होऊन बघत होत्या. इतक्या वर्षांत तिनं समितीत एका दमात इतकं कधी ऐकवलं नव्हतं.

“बरोबर आहे तुमचं,” मॅनेजर शेवटी म्हणाले. “मी ह्या बाजूनं विचारच केला नव्हता. पटलं मला.”

तिला हायसं वाटलं. तेवढ्यात मॅनेजरांची फूटपट्टी शेवटच्या पानावर सरकली, वरून खाली आली, पुन्हा वर गेली.

“फक्त एक,” ते म्हणाले. “इथं ‘बाक’ म्हटलंय. बसस्टँड कुठाय?”

कारकुनानं लिहिता लिहिता हात थांबवला.

“तिकीटखिडकीही नाही,” मॅनेजर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “माझ्या प्रतीत एखादं पान कमी आहे का?”

‘अंदाजानं म्हटलं’ एवढं बोलली असती तर निभावलं असतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोरच्या कागदावर तिला कुणीतरी तिच्यापेक्षाही नीट ओळखलं होतं, आणि त्याच कागदासमोर बसून खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. तिनं पेन खाली ठेवलं.

“पान कमी नाही. ती उभी राहणारी ताई मी आहे. मी बाहेर.”

बाहेरच्या बाकड्यावर ती पाऊण तास बसली. दारातून हेडबाईंचा आवाज येत होता, आधी समजुतीचा, मग चढलेला, मग रडवेला. मॅनेजरांचा आवाज एकदाही चढला नाही. तिनं आयुष्यात कुणाची केली नव्हती इतकी कळकळून त्या बंद दाराची विनवणी केली.

कारकुनानं दार उघडलं. “या आत. अठरा नंबर घ्यायचाय.”

सतरा नंबर उजवीकडच्या गठ्ठ्यावर होता. नामंजूरच्या. हेडबाई नाक पुसत होत्या. “सांगा तिला,” त्या मॅनेजरांवर खेकसल्या. “तुमच्या तोंडानं सांगा!”

मॅनेजर उभे राहिले. “बाई, तुमचं बोलणं मला पटलं होतं. आत्ताही पटतंय. पण ते रद्द झालं. ते ऐकण्याआधी माझं मत ‘नाही’ होतं. जे रद्द झालं त्याच्या जोरावर मी ‘हो’ कसं म्हणू? मला माझ्या आधीच्या मतावर परत जावं लागलं. मला फार वाईट वाटतंय.”

चिडायचं तरी कुणावर? त्यांच्या जागी तीही हेच करून बसली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं निमूटपणे अठरा ते बावीस नंबर वाचले आणि मतं दिली. जाताना ती कारकुनाला म्हणाली, “निकालाची पत्रं कधी जातात?”

“पंधरा दिवसांनी. तोवर एक अक्षर बाहेर नाही. तुम्हाला माहीतच आहे.”

महिनाअखेर आठ दिवसांवर होती. पत्र पोचेपर्यंत बाहुल्या रस्त्यावर आल्या असत्या.

“पुढच्या वर्षी समितीत माझी वाट बघू नका,” ती म्हणाली आणि जिन्याच्या वळणावर येऊन तिनं फोन काढला. नऊ वर्षांत तिनं तीन फोन बदलले होते आणि बहिणीचा नंबर दर वेळी निमूटपणे नव्या फोनमध्ये येऊन बसला होता. घंटा तीनदा वाजली.

“ताई?” पलीकडून घाबरलेला आवाज आला. “कोण गेलं?”

“कोणी नाही गं.” ती पायरीवरच टेकली. “तुझी खोली गेली. निधीचा अर्ज. माझ्यासमोर आला होता. मी ओळख सांगून टाकली आणि मला बाहेर जावं लागलं. माझ्यामुळे गेली.”

फोन तुटला की काय म्हणून तिनं कानापासून काढून बघितला.

“शेवटचं पान वाचलंस?” बहिणीनं विचारलं.

“वाचलं.”

“मग गेली तर जाऊ दे खोली,” बहीण म्हणाली आणि रडायलाच लागली.

“जाऊ दे काय, जाऊ दे!” ताई जिन्यात ओरडली, तिचेही डोळे वाहत होते. “दहा पोरं आहेत तिथं. आठ दिवस हातात आहेत. पत्ता सांग, मी येतेय.”