एका कानाची टीम

वेसाव्याच्या बाजारात सकाळची गर्दी ओसरली की नेत्रा पापलेटांवर बर्फाचा थर चढवायची, त्यावर ओलं गोणपाट ओढायची आणि मग कुठे मोबाइलकडे बघायची. त्या दिवशी मात्र मोबाइलच तिला बसू देईना. 'जोगेश्वरीची टोळी' नावाचा तो ग्रुप एरवी वाढदिवसाचे केक आणि सकाळची फुलं यांच्यापलीकडे जात नसे. आज तिथे आग लागली होती.

"आली रे आली! आपली जेट्टी परत आली!" हर्षदने लिहिलं होतं. त्याखाली प्रीतमने रडणारी तोंडं टाकली होती, रांगेने, थांबायचं नावच नाही. प्रीतम हा बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारा माणूस. लोकांना रडवायची सवय असलेला.

'आयर्न जेट्टी' हा वीसेक वर्षांपूर्वीचा बंदुकांचा खेळ. धुक्यात बुडालेलं एक बंदर, मधोमध एक पडकं दालन, त्याला दोन दारं. चार जणांनी दालन राखायचं, चार जणांनी ते जिंकायचं. धुकं असं की समोरचा दिसेपर्यंत आपण मेलेलो असायचो. पुढे खेळ काढणारी कंपनी बुडाली, नव्या कॉम्प्युटरांवर तो चालेना, आणि लोकांनी त्याला मेलेल्यांत धरलं. आता कुठल्या तरी दूरदेशीच्या वेड्यांनी तो पहिल्यापासून पुन्हा बांधून काढला होता.

नेत्राचे हात ओले होते. तिने करंगळीने व्हिडिओ चालू केला. आधी काळोख, मग धुकं, मग ओल्या फळ्यांवरून चालणाऱ्या बुटांचा चरक-चप, चरक-चप आवाज, आणि दूर समुद्रात डुलणाऱ्या बोयावरची घंटा. बस, एवढंच. नेत्राच्या अंगावर काटा आला. चित्रं सगळी नवी होती, पाण्यावरची चमक खरी वाटत होती, पण आवाज तेच! ती डावी फळी, जी नेहमी जरा जास्त करकरायची, तीसुद्धा त्यांनी तशीच ठेवली होती. कोण असतील ही माणसं, तिच्या मनात आलं, ज्यांना एका फळीची एवढी माया आहे?

"सुरमईचे तुकडे करणार ना?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"थांबा ना मावशी, दोन मिनिटं."

शेजारी बसलेल्या सोनूबाईंनी कोयता खाली ठेवला. आपली लेक गिऱ्हाइकाला थांबा म्हणते, हे त्या माउलीने जन्मात ऐकलं नव्हतं. "काय गो, डोल्यान पानी कशाला?"

"काय नाय गो आये. बर्फाचं उडालं," नेत्रा म्हणाली आणि सुरमई ओढून घेतली.

पुढचे दोन-तीन दिवस टोळीने कामधंदा केला असेल तर देव जाणे. पोटं सुटलेले, केस गेलेले बाप्ये एकमेकांना धुक्याचे फोटो पाठवत होते. हर्षदने जगभरातल्या लोकांच्या प्रतिक्रिया आणून ओतल्या. कोणी लिहिलं होतं की नोकरीतून सुट्टी घेतली, कोणी लिहिलं होतं की घंटा ऐकून गाडी बाजूला घेतली. खोट काढणारेही होते, बुटांचा रंग चुकला म्हणून भांडत होते, पण भांडतानाही त्यांची खेळायची घाई लपत नव्हती. बनवणाऱ्यांनी म्हणे जुन्या आवाजांच्या टेपा एका माळ्यावरून शोधून काढल्या होत्या. "पाय धरले पाहिजेत यार त्यांचे," प्रीतमने लिहिलं, आणि तो ते मनापासून लिहीत होता.

मग टोळीतल्या विकीचा निरोप आला. "रविवारी दुपारी माझ्याकडे, मुलुंडला. चौघं एकत्र. अंबादासदादांना पण बोलावलंय. नेत्रा, येतेयस ना?"

नेत्राने तो निरोप चारदा वाचला आणि उत्तर दिलं नाही. कारण जेट्टी परत आल्याचा आनंद वेगळा, आणि पुन्हा त्या दालनात उभं राहणं वेगळं.

जोगेश्वरीला अंबादासदादांचं सायबर कॅफे होतं. भिंतीला भिंत लावून प्रसूतिगृह. इकडे बॉम्ब फुटायचे आणि तिकडे बाळंतिणी दचकायच्या, म्हणून दादांनी सगळे स्पीकर काढून टाकले. हेडफोन घेतले, तर पोरांनी ते महिनाभरात मोडले. उरला एक. तो कोणाला द्यायचा यावर भांडणं झाली, आणि शेवटी नेत्राला मिळाला, कारण तिचा कान. लहानपणी बाप भिकाजी तिला होडीतून खाडीत न्यायचा. धुकं उतरलं की वल्ही थांबवून म्हणायचा, ऐक. आणि ती पाणी कुठल्या खडकावर फुटतंय ते बोट करून दाखवायची. भिकाजी अख्ख्या कोळीवाड्यात सांगत फिरायचा की माझ्या पोरीच्या कानावर मी होडी सोडतो.

तर या टोळीची खेळायची रीतच जगावेगळी झाली. एकीने ऐकायचं, तिघांनी बघायचं. डाव्या दाराला त्यांनी नाव ठेवलं होतं बर्फखाना, उजव्याला वखार. नेत्रा नुसती म्हणायची "बर्फखाना", की तिघांच्या बंदुका तिकडे वळायच्या, आणि समोरचा दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच आडवा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत त्यांना कोणी हरवलं नव्हतं.

मग घाटकोपरला मोठी स्पर्धा झाली. तिथे चौघांनाही नवे कोरे हेडफोन होते. तिघांनी आपापले काढून टेबलावर ठेवले. आपला कान आहे ना बरोबर, मग हे लोढणं कशाला? आणि नेत्राने "बर्फखाना" म्हटलं की शत्रू वखारीतून आला. "वखार" म्हटलं की बर्फखान्यातून. ती गोंधळली, घाबरली, उलटसुलट ओरडू लागली, आणि पहिल्याच फेरीत टोळीची वाट लागली.

"हेडफोन विचित्र वाटत होता रे," बाहेर पडताना ती म्हणाली होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," विकी म्हणाला. रागात म्हणाला. पण पुढे राग गेला आणि चेष्टा राहिली. प्रत्येकाच्या लग्नात, बारशात विकीचं ठरलेलं, की नेत्राला रस्ता विचारू नका, तिला डावं-उजवं कळत नाही. सगळे हसायचे, नेत्राही हसायची. पण त्या दिवसानंतर ती कॅफेची पायरी चढली नाही. आणि बापाने पुन्हा कधी तिच्या कानाचं कौतुक काढलं की ती उठून आत जायची. तिला वाटायचं, बापाची माया ती, दुसरं काय. आपल्याला वेळेवर काही ऐकूच येत नाही. भिकाजी गेला तेव्हाही हे तिच्या मनात तसंच ठसठसत होतं.

रविवारी ती मुलुंडला गेली. जायचं नाही असं ठरवून गेली. कोळणीचा जीव तो, रिकाम्या हाती कसा जाईल? डबाभर तळलेले बोंबील घेऊन गेली.

विकीचं घर उंचावर, खिडकीतून थेट डोंगर दिसणारं. टेबलावर चार लॅपटॉप मांडलेले, चार हेडफोन. कोपऱ्यातल्या खुर्चीत अंबादासदादा, केस पांढरेशुभ्र, मांडीवर कापडी पिशवी. ते आता जोगेश्वरीच्या त्याच गाळ्यात झेरॉक्स काढून देतात. नेत्राला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये गं पोरी. तुझ्याशिवाय या गाढवांना काही दिसत नाही."

खेळ सुरू झाला आणि पहिला अर्धा तास कोणी धड खेळलंच नाही. सगळे नुसते जेट्टीवर हिंडत होते. "अरे तो पिंप बघ, तिथेच आहे!" "दोरखंडाची गाठ बघ रे, झकास!" हर्षद एका भिंतीपाशी जाऊन उभाच राहिला. पूर्वी तिथे पुसट ठिपके दिसायचे, आता शेवाळ दिसत होतं, ओलंगच्च. नेत्रालाही आपण कुठे आहोत याचा विसर पडला. तिला वाटलं, कोणीतरी आपलं लहानपण धुऊन पुसून परत हातात ठेवलंय.

मग खरा डाव लागला, कुठल्या तरी अनोळखी चौघांशी. नेत्रा सवयीने दालनातल्या लाकडी खोक्यापाशी उभी राहिली. तिच्या लक्षात आलं, या वेळी तिघांनीही हेडफोन कानावर ठेवले होते. त्याचा अर्थ तिला कळला.

चरक-चप.

"वखार," नेत्रा म्हणाली.

शत्रू बर्फखान्यातून आला. नेत्रा मेली. पुढच्या खेपेला ती "बर्फखाना" म्हणाली आणि वखारीतून आलेल्याने तिला पुन्हा आडवं केलं. तिसऱ्यांदाही तेच. बाकीचे तिघं आपापल्या कानांनी ऐकून तग धरून होते, म्हणून डाव कसाबसा वाचला.

"अगो बाय माझे," विकी हसला, "वीस वर्षां झाली, अजून डावा-उजवा येणा नाय?" लाडात आला की तो मालवणीवर यायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नेत्राने हेडफोन काढून ठेवला.

"तुम्ही खेळा रे. मला बोंबील गरम करू दे."

"बस खाली," अंबादासदादा म्हणाले. त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. जुना, जाडजूड हेडफोन. कानांचे फोम गळून गेलेले, त्या जागी पायमोज्याचं कापड शिवलेलं. दर दसऱ्याला दादा गाळ्यातल्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा करायचे, त्यामुळे त्याच्यावर हळदीकुंकवाचा थर बसला होता. एक वाळकं झेंडूचं फूल अजून वायरला लटकत होतं. "तुझ्यासाठी आणलाय. एकदा घालून बघ, मग जा."

त्यांचं मन मोडवेना. नेत्राने तो घातला, कुंकू तिच्या केसांना लागलं. हर्षदने कुठलीशी जोडणीची पिन शोधून तो लॅपटॉपला लावून दिला.

चरक-चप.

"बर्फखाना."

शत्रू बर्फखान्यातून आला आणि तिथेच पडला. "वखार. दोघं आहेत." दोघं होते. "बर्फखाना, थांबलाय दाराशी... आता!" प्रीतम टेबलावर मूठ आपटून ओरडला. डाव बघता बघता संपला. हर्षदने शिट्टी मारली, दादांनी डोळे पुसले. सगळे म्हणू लागले, दादांच्या पूजेचा गुण!

नेत्रा मात्र हलली नाही. पुढचा डाव सुरू व्हायला अवकाश होता आणि रिकाम्या जेट्टीवर ती एकटीच उभी होती. समुद्रातली घंटा वाजत होती. समुद्र तर डावीकडे. आणि घंटा वाजत होती उजव्या कानात. तिने जुना हेडफोन काढला, नवा जोडला. घंटा डाव्या कानात. पुन्हा जुना. उजव्या. त्या वयात एवढा विचार केलाय कोणी? घंटा वाजली की समुद्र तिकडे, एवढंच तेव्हा डोक्यात बसलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "या हेडफोनची वायर कधी तुटली होती?"

"तुटली कुठे? उंदराने कुरतडली. तो तुला मिळायच्या आधीची गोष्ट. मीच जोडली ना घरी बसून. दोनच तर तारा, त्यात काय मोठंसं?"

"त्या उलट्या जोडल्यात, दादा. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. मी उलटं ऐकायला शिकले आणि तुम्हाला सरळ सांगत राहिले. घाटकोपरला हेडफोन चांगला होता, म्हणून हरलो."

विकीने जुना हेडफोन घेतला, कानाला लावला, घंटा ऐकली. मग नवा लावून ऐकली. त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

"आवशीचो घोव," तो पुटपुटला. "म्हणजे अंगणच वाकडं होतं. तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. बाहेर पडताना."

"हो."

"आणि मी..." वीस वर्षांची लग्नं आणि बारशी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत. अंबादासदादा तर रडकुंडीला आले. "पोरी, माझ्यामुळे गं!"

"तुमच्यामुळे अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आम्ही कोणाकडून हरलो नाही, दादा," नेत्रा म्हणाली, आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहू लागले, आणि या वेळी तिने बर्फाचं नाव सांगितलं नाही. वल्ही थांबवून बसलेला बाप तिला स्पष्ट दिसला. ऐक, म्हणत होता. तो काही मायेपोटी खोटं बोलत नव्हता. तिला ऐकू येत होतं. सगळ्या जन्मात एकदाही तिचा कान चुकला नव्हता.

पुढचा डाव लागला. समोरचे चौघं तयारीचे होते, नावापुढे चांदण्या मिरवणारे. हर्षद म्हणाला, जुनाच घाल. नेत्राने नकारार्थी मान हलवली. दादांचा हेडफोन तिने त्यांच्या मांडीवर ठेवला, आपल्या वाटचा नवा कोरा उचलला आणि उलटा करून घातला, डावा उजव्या कानावर.

मग प्रीतमने आपला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पाठोपाठ हर्षदने. मग विकीनेही काढला, वायर उपटून तो पार मागे सोफ्यावर टाकून दिला.

"सांग गं," तो म्हणाला. "आम्हाला काही ऐकू येत नाही."

धुकं दाट झालं. नेत्राने डोळे मिटले.

"बर्फखाना," ती म्हणाली, आणि तिघांच्या बंदुका एकदम डावीकडे वळल्या.