उजवा कौल

आप्पासो गुरवाला त्या दिवशी मिळवायचं होतं ते एवढंच : दुपारी बाराची एसटी.

ती चुकली तर दुसरी थेट दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साताऱ्याच्या एका कारखान्यात कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं. जागा एक, बोलावलेले सात. म्हणजे एसटीला नोकरी बांधलेली, नोकरीला लग्न, आणि लग्नाला शहरातली पक्की खोली. चोवीस वर्षांच्या माणसाचं सगळं आयुष्य त्या एका गाडीच्या टपावर चढून बसलेलं. आणि त्याच्या आडवी, देवळाच्या उंबऱ्यात, सुलाबाई बसली होती.

"लाव की रं आप्पा कौल. उन्हं वर आली."

साल चौऱ्याऐंशी. शिराळ्याच्या डोंगरातलं आंबेखोर गाव, गावचा भैरोबा, आणि त्या वर्षी पुजेची पाळी आप्पासोची. सुलाबाई विधवा, दिराच्या घरात राहायची. तिचा एकुलता एक ज्योतिबा एकोणीस वर्षांचा झाला होता, आणि एक मुकादम तरणी पोरं विहिरींच्या कामाला जतकडं न्यायला आला होता. पाठवू का नको, हा तिचा प्रश्न. पाठवायचं असेल तर देवानं उजवा द्यावा, नसेल तर डावा.

कौलाची रीत साधी. देवाला आंघोळ घालायची, ओल्या अंगावर दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजव्या छातीला, एक डाव्या. मग बसून राहायचं. पाणी वाळत जातं आणि एक कळी सुटते. कधी घटकेत सुटते, कधी दोन-दोन तास लागतात. देवाला एसटी पकडायची नसते.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. खाली घाटात गाडीनं गिअर बदलल्याचा आवाज आला. आप्पासो वात सारायला म्हणून समईकडं वाकला आणि परत येताना त्याची करंगळी उजव्या कळीला लागली.

म्हणजे त्यानं लावली.

उजवीच का? तर समई त्या बाजूला होती म्हणून. समई डाव्या अंगाला असती तर ज्योतिबा घरी राहिला असता. याहून मोठं कारण आप्पासोनं पुढं बारा वर्षं शोधलं, सापडलं नाही.

"दिला बघ काकी देवानं. उजवा."

सुलाबाईनं खाली पडलेल्या कळीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मग तिनं डोकं टेकवलं. आप्पासोला गाडी मिळाली. खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली.

चाळिसाव्या दिवशी जतकडच्या एका विहिरीची कड ढासळली. ज्योतिबा खाली होता.

*

माणसं देवाला का टाळतात याची कारणं फार भारदस्त सांगितली जातात. कुणी म्हणतं विज्ञान वाचलं, कुणी म्हणतं जगातलं दुःख पाहिलं. चौकशी करत खाली गेलं की कारण बहुधा एका एसटीएवढं निघतं.

आप्पासो कारखान्यात टाइमकीपर झाला. कामगार खिडकीशी येणार, कार्ड यंत्रात घालणार, मिनिटभर उशीर झाला तर लाल शाई उमटणार. आप्पासो कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, खोलीचं घर झालं. घरातला दिवा बायको लावायची, कारण नवऱ्याला वातीचा वास सोसत नाही अशी तिची समजूत होती. चहा पिताना तो करंगळी मुठीत दुमडून धरायचा. नळाचा थेंब टपकला, शर्टाचं बटण फरशीवर पडलं, असं काही बारीक पडल्याचा आवाज झाला की बोलता बोलता थांबायचा. "काय झालं?" कुणी विचारलं तर म्हणायचा, "कुठं काय?"

आणि देवळाकडं फिरकायचा नाही. पाळीचं वर्ष आलं की चुलतभाऊ भाऊसोला निरोप : तूच कर बाबा, रजा नाही. कॉलनीच्या वाटेवर मारुतीचं देऊळ होतं, तिथं येताच सायकल गल्लीत घालून लांबच्या वाटेनं जायचा. कारखान्यातल्या दोन-चार सुधारक मंडळींना हे कळलं आणि त्यांनी त्याला आपला मानला. गुरवाचा मुलगा असून देव मानत नाही! त्यांनी एकदा त्याचा नारळ देऊन सत्कारही करायचं ठरवलं. मग नारळ कशाला यावरून त्यांच्यातच वाद झाला आणि तो बेत बारगळला.

फसला नाही एकटा भरतेश. स्टोअरमधला, आष्ट्याकडचा जैन. रोज देवदर्शन करून कामावर येणारा, आणि जीभ तिखट.

"गड्या, तू नास्तिक न्हाईस," तो एकदा डबा खाताना म्हणाला. "देव न्हाई म्हणणारा देवळावरनं सरळ जातोय. तुज्यावानी गल्लीतनं सायकल घालत न्हाई. तू फरारी हाईस."

"तुला काय करायचंय? तुमचा देव तर काय देत न्हाई, घेत न्हाई म्हंतोस. मग रोज जातोस कशाला?"

"मागायला जायचं असतंय व्हय? उभं ऱ्हायला जातो. दिवसातनं एकदा त्येच्या म्होरं उभं ऱ्हायलं की आपलं थोबाड आपल्याला दिसतंय. लय दिस न्हाई गेलं की मग भ्या वाटायला लागतंय, आन् भ्या वाटाय लागलं की आणखीच जात न्हाई." त्यानं चपातीचा तुकडा मोडला. "तुजं किती वर्सं झालं?"

आप्पासोनं डबा झाकला.

शहाण्णव सालच्या एप्रिलात टाइम ऑफिसच्या फोनवर भाऊसोची बायको आली. पाटलांच्या घरून बोलत होती आणि एवढ्या मोठ्यानं की फोनची गरज नव्हती. "भावजी, ह्यास्नी फणसाच्या झाडावरनं पडल्याती! पाय पलिस्तरात हाय. देव दोन दिस झालं पारुसा हाय. यंदाची पाळी तुमचीच हाय, तवा या."

"दुसरं कुणी..."

"दुसरं कोन? गुरवाचं घर म्हंजी तुमी दोघंच न्हवं?"

आप्पासोनं आयुष्यात पुष्कळ निमित्तं सांभाळून ठेवली होती. पण बिनआंघोळीच्या देवावर लागू पडेल असं एकही निघालं नाही.

*

तो शनिवारी पहाटेच्या गाडीनं निघाला, गावाला न सांगता. देवाला आंघोळ घालायची, फूल ठेवायचं, दुपारच्या एसटीनं परत, पुढचं पुढं. भाऊसोनं त्याला मागंच कधी तरी एक गोष्ट सांगितली होती : सुलाबाई रोज येते, पण बाहेरच्या पायरीवर फुलं ठेवते आणि जाते. बारा वर्षांत उंबरा चढली नाही. देवावर रुसली, असं गाव म्हणायचं. गावही रुसलंच होतं. भैरोबानं उजवा दिला आणि पोरगं खाल्लं, हे शब्द घराघरात रुळले होते. त्यानंतर आंबेखोरात कुणी कौल लावला नाही. लग्न असो, दुखणं असो, लोक विचारायला डोंगरापलीकडच्या देवीकडं जात.

गाभाऱ्यात शिरताना आप्पासो खाली मान घालून शिरला. खाली बघतच घागर ओतली. अंग पुसताना मात्र हात थांबला. दगडाच्या छातीवर, जिथं पिढ्यान्‌पिढ्या कळ्या लावल्या, तिथं दोन गुळगुळीत खळगे पडलेले होते. आता त्यांत धूळ बसली होती. त्यानं आधी डावा पुसला. उजव्याला फडकं लावायला त्याला बराच वेळ लागला.

"आलास व्हय रं आप्पा."

सुलाबाई पायरीवर उभी होती. वाळून काटकी झालेली. आप्पासोच्या तोंडून "हां काकी" एवढंच निघालं. तिनं फुलं पायरीवर ठेवली नाहीत. चप्पल काढली, पदर सावरला आणि उंबरा ओलांडून आत येऊन बसली.

"कौल लाव."

"काकी, आता कुनी लावत न्हाई. आन् मला गाडी..."

"लाव म्हंते न्हवं." मग हळू आवाजात, "आन् ती समई भाईर नेऊन ठेव आदी."

आप्पासो जागच्या जागी खिळला. मग आप्पासोनं समई उचलली. तेल पायावर सांडलं. समई त्यानं सभामंडपात ठेवली आणि अंधाऱ्या गाभाऱ्यात परत आला.

"काय इचारू देवाला?"

"त्येच. ज्योतिबाला पाठवू का नको."

"काकी..."

"त्या दिशी आपन इचारलंच न्हाई रं. तू आन् म्या मिळून देवाच्या तोंडावर हात धरला."

त्यानं कळ्या लावल्या. एक उजवी, एक डावी. आणि दोघं बसले.

किती वेळानं कोण जाणे, तीच बोलली. "म्या बघितलं हुतं. तुजं बोट."

"मग बोलली का न्हाईस?"

"उजवाच पायजे हुता मला. दीर आन् ज्योतिबा, रोज ताटावर भांडनं. कुनी तरी भाईर गेलं पायजे हुतं घरातनं. दिराचं घर दिराचं. मग गेलं तर कोन जानार? मला दोन घास सुखानं खायचं हुतं, आप्पा. खाल्लं चाळीस दिस."

"समद्या गावानं देवाला बोल लावला."

"म्याबी लावला. सगळ्यांच्या म्होरं, ऊर बडवून. त्येनं काय माझं नाव सांगितलं न्हाई, तुजंबी न्हाई. म्हनूनशान तर आत येववेना मला. त्यो रागावला असता तर आले असते."

आप्पासोला वाटलं, आपण बारा वर्षं देवाच्या शिक्षेला भिऊन गल्लीबोळातून पळतोय असं आपण समजत होतो. शिक्षेला कोण एवढं भितं? आपली चोरी माहीत असून न बोलणाऱ्या माणसासमोर जायची लाज वाटते. तसं होतं हे.

खाली घाटात बाराची गाडी आली, थांबली, गेली. कळ्या तिथंच. दोन वाजले. पाणी केव्हाच वाळलं होतं. खरं तर दोन्ही कळ्या पडायला हव्या होत्या. उन्हाची पट्टी उंबऱ्यावरून आत सरकली, सुलाबाईच्या पायांवरून गेली. आप्पासोनं त्या दगडाच्या चेहऱ्याकडं पाहिलं. गाव सोडेपर्यंत त्याला आंघोळ घालत आला होता, पण कळ्या सोडून त्याच्याकडं बघत बसायची वेळ कधी आली नव्हती. कळी कुठली पडावी याचं त्याला आता काही नव्हतं. उजवी पडली तर आपण सुटलो, डावी पडली तर मेलो, हे गणित सकाळी होतं. दुपारपर्यंत ते कुठं तरी विरून गेलं. तो नुसता बसला होता, आणि समोर तो होता.

"बोलत न्हाई," शेवटी तो म्हणाला.

"कशाला बोलंल? त्येला काय इचारायचं ऱ्हायलंय आता?" सुलाबाई गुडघ्यांवर हात रेटून उठली. "त्येला सांगायचं ऱ्हायलंय. आन् त्येच्या वतीनं गावाला. काढ त्या कळ्या."

त्यानं हात लावला तर कळ्या सहज निघाल्या.

*

दुसऱ्या दिवशी रविवार, भैरोबाचा वार. आरतीला पन्नासेक माणसं होती. आरती संपली, आणि आप्पासो ताट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"चौऱ्याऐंशी सालचा कौल देवानं दिला न्हवता," तो म्हणाला. "म्या पाडला. माजी गाडी चुकत हुती."

कुणाला आधी कळलंच नाही. मग दगडाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हंतुय गुरव?" आणि शेजारणीनं सांगितलं तेव्हा सगळ्या देवळाला कळलं.

सुलाबाईचा दीर पुढं आला. "आमच्या घरचं पोरगं मारलंस की रं भाड्या!"

"आमच्या घरचं?" मागून सुलाबाईचा आवाज आला. "तुमच्या घरचं असतं तर त्येला कशाला पाठवलं असतं? म्याबी बघितलं हुतं बोट. आन् गप बसले. हानायचं तर मलाबी हाना."

हाणलं कुणीच नाही. माणसं बराच वेळ चपला शोधत राहिली. चपला समोरच होत्या.

संध्याकाळी पिंपळाखाली बैठक बसली आणि लवकर उठली. कौलाला हात घालणाऱ्याला गाभारा बंद. पाळी इथून पुढं एकट्या भाऊसोची. भाऊसो पलिस्तराचा पाय खाटेवर ठेवून रडला. आप्पासोनं निकाल मान्य केला आणि सोमवारी पहाटे चालत घाट उतरून साताऱ्याची गाडी धरली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याच कार्डावर लाल शाई उमटली.

गावानं कौल पुन्हा सुरू केले. पहिला लावला त्याच दिरानं, नातवाच्या दुखण्याचा. तीन तास लागले म्हणतात. भाऊसोनं मांडी मोडली नाही.

आप्पासो आता महिन्यातल्या एका रविवारी आंबेखोरला येतो. गाभाऱ्यात जाता येत नाही. इतर लोकांसारखा उंबऱ्याबाहेर उभा राहतो, सुलाबाईच्या शेजारी. गुरवाच्या पोटी जन्मलेला माणूस. देवासमोर आला की हाताला काम असायचंच, घागर, फडकं, फूल. पहिल्या खेपेला त्याला रिकामे हात कुठं ठेवावेत तेच कळेना. सुलाबाईनं डोळ्यांनी खूण केली, तेव्हा त्यानं ते जोडले.

जमा-खर्च मांडायचाच तर तो असा. भैरोबानं दोघांचं पाप बारा वर्षं आपल्या नावावर वागवलं; त्याचं नाव त्याला परत मिळालं. आप्पासोची पाळी गेली, ती त्याची त्यानं दिली. सुलाबाईनं काय दिलं ते तिच्या ताटाला ठाऊक. राहिला ज्योतिबा. सगळ्यांत जास्त त्यानं भरलं, आणि त्याला पाठवावं की ठेवावं हे विचारायला त्या दिवशी तो देवळात आलाच नव्हता.