पहिली चार अक्षरं

"तीन महिने घरात कुणाशी बोललो नाही, एकहाती लिहून काढला," आमचे हे माईकवरून इंग्रजीत सांगत होते आणि टाळ्या पडत होत्या. पहिल्या रांगेत बसून मी पर्सचा पट्टा पिळत होते.

न्यू जर्सीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरांच्या संग्रहालयात ह्यांचा, म्हणजे त्र्यंबकरावांचा, सत्कार होता. १९७७ साली ह्यांच्या छोट्या कंपनीने घरगुती कॉम्प्युटर विकायला काढला, पण त्याला बेसिक भाषा समजावून देणारा इंटरप्रिटर त्यात नव्हता. तो नसेल तर ते यंत्र म्हणजे नुसता लुकलुकणाऱ्या दिव्यांचा डबा. इंटरप्रिटर वेगळा, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर, टपालाने मागवावा लागे. तो ह्यांनी लिहिला, असं टेबलावरचं कार्ड सांगत होतं.

तो मी लिहिला. गणितात एम.एस्सी. करून लग्नानंतर इथे आले आणि माझ्या व्हिसावर नोकरीला बंदी. एडिसनच्या भाड्याच्या घरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत, दोनशे पानी वहीत लिहिला. "तुझं नाव घातलं तर दोघांनाही परत पाठवतील," हे म्हणाले होते. पटलं मला. पण पुढे ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं, नातवंडं झाली. ह्यांना काही आठवलं नाही. मीही मूग गिळून बसले, त्याचा राग वेगळाच.

तिथल्या कार्यकर्त्याने पट्टी यंत्रात सरकवली. पडद्यावर आधी चार अक्षरं उमटली. एस, एच, आर, आय.

"याचा अर्थ काय?" त्याने ह्यांना विचारलं. "आम्हाला कुणालाच उलगडलेला नाही."

ह्यांनी घसा खाकरला. "टेस्टिंग."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले. "टेस्टिंग कसलं डोंबलाचं! श्री आहे तो. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी दुसरं काय लिहिणार?"

हॉलमध्ये मराठी कळणारी आणखी एकच होती, आमची लेक प्रीता. "बट बाबा," ती हळूच म्हणाली, "माझ्या वेडिंग कार्डवरचा श्री तुम्ही रिमूव्ह करायला लावला होता. यू हेट दॅट स्टफ."

हे माईकची वायर सरळ करू लागले.

"मग इथला का नाही काढलात?" मी विचारलं. "मीच सांगते. ती चार अक्षरं काढली असती तर पुढच्या प्रत्येक सूचनेची जागा सरकून सगळं कोसळलं असतं, आणि का कोसळलं ते तुम्हाला कळलं नसतं."

प्रीताने त्या माणसाला इंग्रजीत सगळं समजावलं. तो बिचारा ओशाळून पेन घेऊन आला. माझ्या नावाचं स्पेलिंग काय, त्याने विचारलं.

"एस, यू, एल..." हे लगेच माईकवरून सांगू लागले.

"राहू द्या," मी म्हटलं. "माझं नाव मला लिहिता येतं."

कार्डावर ह्यांच्या ठळक नावाखाली जेमतेम बोटभर जागा उरली होती. मी चष्मा लावला आणि तेवढ्याच जागेत, बारीक अक्षरात, सुलभा लिहिलं.