नवव्या भागातला मोठा भाऊ

मी सूप बोलतोय. तांदूळ पाखडणारं नव्हे, बिड्यांचं सूप. आणि बोलणार आहे ते जपानी कार्टूनांबद्दल. हसू नका. अख्ख्या मुर्री गावात ती माझ्याइतकी जवळून कोणी पाहिली नसतील, कारण मोबाइल माझ्याच काठाला टेकवून ठेवलेला असतो.

जन्म माझा आमगावचा. मुन्नालाल नावाच्या कारागिराने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं आणि बाजाराच्या दिवशी रुख्मिणीबाईंनी उलटंसुलटं करून, दोनतीन टिचक्या मारून मला पसंत केलं. पहिली काही वर्षं मी स्वयंपाकघरात मानाने राहिलो. घरच्या धानाचा तांदूळ पाखडायचो. पुढे प्लास्टिकचं सूप आलं आणि माझी बदली रुख्मिणीबाईंच्या मांडीवर झाली. आता पोटात बिडीसाठी कापलेला तेंदूपत्ता, तंबाखूचा जर्दा, धाग्याची रीळ आणि कैची. वास तर विचारूच नका.

दाणा ठेवायचा आणि कोंडा उडवायचा, ही सवय मात्र गेली नाही. कार्टून पाहतानाही मी तेच करतो. रुख्मिणीबाईंचंही तसंच आहे.

या सगळ्याला सुरुवात केली त्यांच्या मुलीने, रुचीने. ती गोंदियाच्या कॉलेजात जाते. दुपारी घरी आली की आईजवळ बसून, कानात इअरफोन घालून हे सगळं बघायची. एक दिवस इअरफोन बिघडला आणि आवाज बाहेर आला.

“हे कोन भांडून राहिले बाई?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

“भांडत नाही मम्मी, प्रेमाचं बोलून राहिले. जपानी आहे.”

“प्रेमाचं असं बोलतेत?”

झालं. त्या दिवसापासून मोबाइल माझ्या काठावर आला. आता बिडी वळणाऱ्या बाईची नजर पानावर असते. धाग्याची गाठ मारली की क्षणभर वर बघायचं, की परत खाली. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, आणि आली असती तरी वेळ कुठे? म्हणून जपानी माणसं बोलायची आणि त्यांच्यामागून रुची आपल्या बोलीत सांगायची. हिंदीतही मिळतं हे टीव्हीवरून रुख्मिणीबाईंना कळलं होतं, पण त्यांनी एकदा ऐकून नाक मुरडलं. “चेहरा एकाचा अन् आवाज दुसऱ्याचा. मले नाही जमत.”

मतं तर त्यांच्याकडे टोपलीभर. मारामारीची एक मालिका होती. त्यात नायक प्रत्येक फटक्याआधी फटक्याचं नाव मोठ्याने ओरडतो, मग तो फटका कसा शिकला तेही सांगतो. रुख्मिणीबाई म्हणाल्या, “सांगून मारते का कोनी? तवरोक समोरचा पळून नाही जाणार?” मला ती मालिका बरी वाटली होती.

मग एक सिनेमा. शाळेतली दोन मुलं, गुलाबी फुलांचा सडा, रेल्वे फाटक. दोघांच्या मनात एकमेकांबद्दल खूप काही, पण बोलत कोणीच नाही. शेवटी मुलीची गाडी निघून जाते. रुची डोळे पुसत होती. रुख्मिणीबाई वैतागल्या होत्या. “तोंड देलं ना देवानं? मंग बोलत काऊन नाही?” चित्रं मात्र त्यांना फार आवडली. आभाळ इतकं खरं कसं काढतात, हे त्यांनी दोनदा विचारलं.

स्वयंपाकाच्या मालिकेला त्यांनी नापासच केलं. वाफाळलेला भात, वर चकाकणारं अंडं, जेवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. रुची म्हणाली, बघूनच भूक लागली. रुख्मिणीबाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, “हा तं गिचका भात आहे. यासाठी रडून राहिला तो?” आमच्याकडे भात शिताला शीत न चिकटता मोकळा लागतो. तो चिकट झाला तर सुगरणीला तोंड लपवावं लागतं. तिकडे सगळे तोच मिटक्या मारत खातात, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

घरात आणखी एक मुलगा आहे, म्हणजे होता, म्हणजे आहेच. ओमेश. रुचीचा मोठा भाऊ. रायपूरला नोकरीला गेला आणि तिथेच, घरी न सांगता, दुर्गेश्वरी नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. फोनवर कळलं तेव्हा मी मांडीवरच होतो. रुख्मिणीबाईंनी मला असं बाजूला ढकललं की माझ्यातला जर्दा सांडला. “यापुढं तुजा आवाज नको आयकवू मले,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं नाही. नंदलालभाऊंनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एकदा काढून पाहिलं, तर त्या ताटावरून उठून गेल्या. मला वाईट वाटलं. पण सुपाला कोण विचारतं?

अशात रुचीने एक नवी मालिका लावली. समुद्रातल्या बेटावरचे दोन भाऊ आणि त्यांची म्हातारी आई. जपानी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून रुख्मिणीबाईंनी त्यांना मोठा आणि लहाना अशी नावं दिली. मोठा एक दिवस होडी घेऊन दूर निघतो. नवव्या भागात लहाना किनाऱ्यावर गुडघे टेकून असा काही रडायला लागला, की रुख्मिणीबाईंचे हात थांबले.

“काय झालं? कायले रडून राहिला तो?”

रुचीने अक्षरं वाचली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. “काही नाही मम्मी. मोठा लय दूर गेला, म्हणून रडते.”

पुढच्या भागांत मोठा पडद्यावर दिसलाच नाही. पण रोज बिड्यांना बसलं की रुख्मिणीबाई विचारायच्या, “मोठ्याची काही खबर?” आणि रुची सांगायची, की एका कोळ्याच्या हाती निरोप आला आहे. आईचा गुडघा कसा आहे? पावसात ओल्या जागी बसत जाऊ नको म्हणावं. मी इकडे भात करायला शिकलो, पण तिच्या हातच्यासारखा मोकळा होत नाही.

रुख्मिणीबाई ऐकायच्या आणि गाठ मारायच्या. “गुणाचा आहे पोट्टा. दूर गेला तरी मायची आठवन ठेवते.” त्यानंतरच्या चारदोन बिड्या मात्र ढिल्या वळल्या जायच्या.

मग रुची आमगावला मावशीकडच्या लग्नाला गेली. मालिकेचे शेवटचे भाग राहिले होते. रुख्मिणीबाईंना दम धरवेना. त्यांनी शेजारच्या टीनाला बोलावलं आणि आपला मोबाइल तिच्या हाती दिला. टीना म्हणाली, “काकी, हिंदीत लावून देऊ का?” नाइलाजाने त्या हो म्हणाल्या. हिंदीत केल्यावर मालिका पहिल्यापासून सुरू झाली. बरं झालं, त्या म्हणाल्या, परत पाहू.

नववा भाग आला. किनाऱ्यावर फुटलेली होडी. गावचा मुखिया लहान्याच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाला, तुम्हारा भाई अब नहीं रहा.

रुख्मिणीबाईंनी पान खाली ठेवलं. “हे हिंदीवाले चुकून राहिले. कहानीच बदलून टाकली यायनं.” पुढचे भाग त्यांनी कान देऊन ऐकले. कोळी आला नाही. निरोप आला नाही. आईने तर मोठ्याच्या फोटोपुढे दिवा लावला. तेव्हा त्यांनी टीनाला परत हाक मारली, जपानी लावायला सांगितलं आणि खालचं वाचायला लावलं.

“काकी, हिंदीत बरोबरच आहे. मोठा मरते.”

“अन् निरोप?”

“कोनता निरोप? असं काहीच नाही यात.”

टीना घरी गेली. रुख्मिणीबाई मांडीवर मला घेऊन तशाच बसून राहिल्या. जर्दा भरलेलं अर्धं वळलेलं पान बोटांत. मग माझ्याकडे बघत, स्वतःशीच म्हणाल्या, “तिकडं तं सारेच गिचका भात खातेत. मोकळा कोनाले पायजे होता?”

तोपर्यंत मला वाटत होतं, की पोरगी निरोप मनाने रचून सांगते. आत्ता उमगलं. रुची फोनवर बोलायला मागच्या दाराने बाहेर का जायची, आणि आत आल्यावरच कोळ्याचा निरोप कसा यायचा. निरोप खरे होते. पाठवणारा रायपूरला होता.

त्यांनी मोबाइल माझ्या काठावरून उचलला. ओमेशचा नंबर होता, कधी काढून टाकला नव्हता. पलीकडून “हॅलो” आलं आणि रुख्मिणीबाईंनी बोटांतलं पान माझ्यात टाकलं.

“मम्मी?”

“भात कसा होते तुजा?”

ओमेशचा आवाज आला. “गिचका होते.”

“पानी जास्त टाकत असशील.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “तो मोठा मेला गा बाबू. नवव्याच भागात मेला. रुचीनं मले सांगतलंच नाही. तू फोन काऊन नाही केला?”

“तूच म्हटली होती मम्मी, आवाज नको आयकवू म्हणून.”

“मी मनलं!” रुख्मिणीबाई इतक्या जोरात ओरडल्या की माझ्यातली पानं हलली. “जनमभर माजं एक आयकलं नाही तुनं. तेच एक कायले आयकलं?”

आणि त्या रडल्या. ओमेशही रडत असावा. मी पोटात पानं धरून राहिलो. मला एवढंच येतं.

रुची परत आली तेव्हा तिला भरपूर बोलणी बसली. खोटं सांगितलं म्हणून, मालिका बिघडवली म्हणून. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, “मंग मम्मी, मालिका कशी वाटली?”

“त्यायची बेकार आहे. तुजी चांगली होती.”

आता माझं वय झालंय. एका कडेच्या कामट्या उसवल्या आहेत, कोपऱ्यातून जर्दा गळतो. बाजारातून नवं सूप आणायचं आणि मला चुलीत घालायचं, असं घरात ठरलंय. माझी तक्रार नाही. सुपाची ती रीतच आहे. फक्त एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात ओमेश आणि दुर्गेश्वरी यायचे आहेत. मालिकेचे शेवटचे दोन भाग रुख्मिणीबाईंनी त्यांच्यासाठी राखून ठेवलेत. रुची सांगायला बसली होती, तर तिलाही थांबवलं. ओमेश समोर बसून वाचून दाखवणार आहे. तेवढं होऊ द्या. फोनमधून ऐकलेला त्याचा आवाज समोर बसल्यावर पूर्वीसारखाच लागतो का, हे मला बघायचंय.