अक्रोडाच्या केकवरचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा नाही आणि पापड भाजणाराही नाही. एका बड्या हॉटेलात सकाळच्या न्याहारीचं लांबलचक टेबल मांडतात, त्यावर अक्रोडाच्या केकशेजारी मी असतो. पाहुणे मला उचलतात, केकचा तुकडा ताटलीत घेतात, मला ठेवतात आणि पुढे सरकतात. माझ्याकडे निरखून कुणी बघत नाही. बघण्यासारखं माझ्यात आहे तरी काय? पोलादाची एक पट्टी मधोमध वाकवलेली, आणि दोन्ही टोकांना सहा-सहा दात. पण याच दातांशी एकदा एका लहान मुलीच्या जिवाची गाठ पडली. ती सकाळ आठवली की अजूनही मला धड स्वस्थता वाटत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या पट्टीवर यंत्राचा दणका बसला आणि मला दात आले. दुसऱ्या दणक्याला कंबर वाकली. नंतर एका म्हाताऱ्या कामगाराने माझ्या कडेकडेने अंगठा फिरवला. जिथे कड बोचली तिथे कानस मारली आणि मला खोक्यात टाकलं. पन्नास भावंडं होतो आम्ही. कोण कुठे गेलं, कुणास ठाऊक!

हॉटेलात आलो तेव्हा माझं नशीब फळफळलं. तिथल्या मोठ्या शेफनी दोन-चार चिमटे दाबून पाहिले आणि मलाच निवडलं. "याची पकड बघा. टोमॅटोची साल दुखणार नाही आणि टोमॅटो निसटणारही नाही," ते म्हणाले. सात वर्षं मी त्यांच्या खिशाला लटकलो. मोठमोठ्या पाहुण्यांची ताटं सजवली. पण पोलाद झालं तरी थकतंच. माझी कंबर सैल पडली, दाबलेला मी पुन्हा पुरता उघडेना. मग शेफनी नवा चिमटा घेतला आणि मी आलो बाहेर, न्याहारीच्या टेबलावर.

ती खोली तुम्ही पाहायला हवी. छतापर्यंत काचा. एका बाजूला कापलेली फळं, मग दुधाचे आणि रसांचे जार, मग अंड्यांचा गरम तवा, आणि शेवटी पावांच्या, केकच्या टोपल्या. साडेसहाला दार उघडलं की माणसं आत येतात आणि क्षणभर बावरतात. इतकं सगळं एकदम पाहून काय घ्यावं ते सुचत नाही. मग सगळंच घेतात! पोट एवढंसं, पण डोळ्यांना कुठे तळ असतो?

मला मात्र तिथे कायम धाकधूक असायची. स्वयंपाकघरात मी एका हातातला होतो. इथे मी शंभर हातांतला झालो. कुणी मला साखरेत खुपसत, कुणी टेबलाच्या कडेवर असं ठेवत की आता पडतो की मग पडतो. आणि कुणी मला भलत्याच टोपलीत टाकून जात.

आमची काळजी वाहणारी एक बाई होती. गरम भांड्यापाशी आलेल्या प्रत्येकाला ती "सांभाळून हं" म्हणायची, म्हणून सगळे तिला सांभाळूनताई म्हणत. आम्हा चिमट्यांच्या बाबतीत तिचा एकच दंडक होता. "चिमट्यांनी शेजारधर्म पाळायचा नाही," ती हसून म्हणायची. ज्याचं ताट त्यालाच त्याचा चिमटा. मी अक्रोडाच्या केकचा. माझ्या शेजारची मोठी टोपली साध्या गोल पावांची. तिचा चिमटा वेगळा, लाकडी मुठीचा. अर्ध्या-अर्ध्या तासाने ती आम्हाला आत नेऊन धुऊन आणायची.

तो सुट्टीचा दिवस होता. खोली माणसांनी फुलली होती. त्या गर्दीत एक आई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या अंगात पिवळा झगा होता आणि ती एका जागी ठरत नव्हती. आई तिला भिंगरी म्हणत होती. आईचे डोळे मात्र ताटांवरून भिरभिरत होते. ती थेट सांभाळूनताईंपाशी आली.

"ताई, हिला अक्रोड चालत नाही. म्हणजे अजिबात नाही. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो. या पावात काही आहे का?"

"नाही मॅडम. नुसतं पीठ, दूध आणि लोणी."

"नक्की ना?"

"नक्की. भट्टीसुद्धा वेगळी आहे."

आई दोन पावलं गेली आणि परत फिरली. "रागावू नका हं, पुन्हा विचारते. चिमटा वेगळा आहे ना?"

"रागावायचं काय त्यात? लाकडी मुठीचा आहे, तो फक्त याच टोपलीचा." ताईंनी स्वतः एक पाव उचलून भिंगरीच्या ताटलीत ठेवला. माझं मन निवलं. म्हटलं, या आईसारखं विचारणारं कुणी असलं की आपण निर्धास्त.

पाव भिंगरीने मजेत खाल्ला. तिला काही झालं नाही. पण पुढच्या दहा मिनिटांत काय काय घडलं ते ऐका.

एका पाहुण्याच्या कोपराचा धक्का लागून लाकडी मुठीचा चिमटा जमिनीवर पडला. सांभाळूनताईंनी तो लगेच उचलला आणि दुसरा आणायला आत गेल्या. जाताना टोपलीवर फडकं टाकायचं, तेवढं राहून गेलं. टोपली उघडी आणि चिमटा नाही. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आले. त्यांना पाव हवा होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि पावांच्या टोपलीत घातलं.

मित्रांनो, माझ्या दातांत तेव्हा अक्रोडाचा चुरा अडकला होता! आजोबांनी एक पाव घेतला, तो बरोबर वाटेना म्हणून परत ठेवला, दुसरा घेतला. आणि मला तिथेच, पावांच्या ढिगावर ठेवून ते निघून गेले. त्यांच्या मनात वाईट असं काही नव्हतं. हाताने पाव घ्यायचा नाही, एवढी रीत पाळून चिमट्याने घेतला, या समाधानात ते गेले.

मी पावांवर पडून होतो. मला ओरडता येत नाही. मला उडी मारता येत नाही. दारातून ताई येताना मला दिसल्या. त्यांच्या हातात धुतलेला चिमटा होता. या, लवकर या! पण वाटेत एका टेबलावरून कुणी हाक मारली, "अहो, चहा गार झालाय!" ताई थांबल्या. त्यांनी किटली घेतली, चहा ओतला, साखर दिली.

आणि इकडे पिवळा झगा आला. भिंगरी एकटीच होती. पहिला पाव आवडला होता ना तिला! टाचा उंचावून तिने मला हातात धरलं आणि एक पाव उचलला. नेमका आजोबांनी परत ठेवलेला. उड्या मारत ती गेली.

चहा देऊन ताई टोपलीपाशी आल्या आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी मला उचलून डोळ्यांजवळ नेलं. माझ्या दातांतला तपकिरी चुरा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारी उभ्या बाईंना त्यांनी विचारलं, "इथून आत्ता कुणी पाव घेतला?"

"एक छोटी मुलगी होती. पिवळ्या झग्यातली."

त्या हॉटेलात कामावरच्या माणसाने आवाज चढवायचा नाही, पळायचं नाही, असा नियम होता. बारा वर्षांत ताईंनी तो मोडला नव्हता. पण मला मुठीत धरून त्या धावत सुटल्या. खुर्च्यांना धडकल्या. कुणाच्या तरी मांडीवर रस सांडला. "बाळा, खाऊ नकोस! थुंक! थुंक ते!" त्या ओरडल्या. सगळ्या खोलीतले चमचे थबकले.

भिंगरीच्या तोंडात पहिलाच घास होता. थोडा गिळलेला, थोडा गालात. ती घाबरून थुंकली आणि रडू लागली.

"काय झालं?" आई ताडकन उठली.

ताईंनी मला टेबलावर ठेवलं. "अक्रोडाचा चिमटा पावात गेला, मॅडम. हे बघा. माझी चूक झाली. औषध असेल तर काढा."

आईने माझ्याकडे पाहिलं. चुरा स्पष्ट दिसत होता. पर्समधून तिने पेनासारखं जाडसर इंजेक्शन काढलं आणि हातात धरलं. ताईंनी फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. मुलीला काय झालंय, कशामुळे झालंय, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. मग आईने भिंगरीला मांडीवर घेतलं.

"ओठ चावतायत, आई," भिंगरी म्हणाली.

तिच्या हनुवटीवर लाल चट्टे उमटले. वरचा ओठ जाड दिसू लागला. मग ती खोकली, आणि तिचा आवाज घोगरा झाला. आईने क्षणही दवडला नाही. झगा बाजूला केला, भिंगरीच्या मांडीवर इंजेक्शन टेकवून जोरात दाबलं आणि ते तसंच धरून सेकंद मोजू लागली.

पांढऱ्या मिशांचे आजोबा जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांच्या ताटलीत तो दुसरा पाव होता. "अहो, तो चिमटा... मी उचलला होता," ते म्हणाले. आईला ते ऐकूच गेलं नाही. ती फक्त मुलीचा श्वास ऐकत होती. आम्ही सगळेच ऐकत होतो. घरघर येई, जरा थांबे, पुन्हा येई. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग खोकला हळूहळू कमी झाला, आणि बाहेर रुग्णवाहिका थांबली.

त्या दोघी गेल्यावर मॅनेजर साहेबांनी मला न धुता आपल्या खोलीत नेलं. समोर सांभाळूनताई उभ्या होत्या.

"टोपली उघडी कशी राहिली?"

"मी फडकं टाकलं नाही."

"आणि चिमटा घेऊन येताना वाटेत थांबलात?"

"थांबले. चहा दिला." त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. "साहेब, मला काय शिक्षा करायची ती करा. पण आधी दवाखान्यातून काय कळतंय ते विचारा ना हो."

तेवढ्यात दार वाजलं. आजोबा आणि त्यांची बायको आत आले. "चाळीस वर्षं शाळेत मुलांना शिस्त लावली मी," आजोबा म्हणाले. "आणि आज विचार केला, एवढ्याशाने काय होतंय! या बाईंना एकट्यांना बोल लावू नका. चिमटा माझ्या हाताने गेलाय."

साहेबांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "पाव आणि अक्रोडाचा केक शेजारी-शेजारी मांडायचं आमच्या ऑफिसने ठरवलं होतं," ते शेवटी म्हणाले. "मग माझाही हात आलाच त्यात."

दुपारपर्यंत कुणी जेवलं नाही. फोन वाजला की ताई दचकत. अखेर दोनच्या सुमाराला आईचा फोन आला. भिंगरी बरी होती. रात्रभर डॉक्टर तिला नजरेखाली ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी उशिरा, टेबलं आवरली जात असताना, मायलेकी सामान न्यायला आल्या. भिंगरीचा ओठ अजून किंचित जाड होता. ताई हात जोडून पुढे झाल्या, तेव्हा आईचा बांध फुटला.

"आणखी एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं का, ताई? काल रात्रभर हाच विचार करत होते मी."

"नाही मॅडम. तुम्ही नीट विचारलंत. मी नीट सांभाळलं नाही. सांगून झालं की जबाबदारी संपली, असं धरून चालले."

"पण तुम्ही धावलात," आई म्हणाली. "लपवलं असतंत, तर मी आधी सर्दी समजले असते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून निभावलं."

"आई, भूक लागली," भिंगरी मध्येच म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ताई म्हणाल्या, "माझा हात धजत नाही हो." मग आईच ताईंना घेऊन आत गेली. दोघींनी हात धुतले, सुरी धुतली, न फोडलेलं लोण्याचं पाकीट आणि न सोललेलं केळं घेतलं, भट्टीतून थेट पाव काढला. भिंगरी खाऊ लागली. समोर दोन बायका बसल्या, एकीचंही तिच्या ओठावरून लक्ष हलेना.

"तुम्ही दोघी माझ्याकडे अशा का बघताय?" भिंगरीने विचारलं. "मला घास गिळता येत नाही."

मग कुठे त्या हसल्या. पण नजर काही त्यांनी हलवली नाही.

मित्रांनो, आता अक्रोडाच्या केकचं टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि मला तिथे एका बारीक साखळीने बांधलं आहे. एकेकाळी शेफच्या खिशाला लटकलेला मी, आता साखळीला बांधलेला! आधी वाईट वाटलं. आता त्या साखळीमुळेच मला डुलकी लागते. तरी अधूनमधून कुणीतरी घाईत मला ओढतं, साखळी ताणली जाते, आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागतो. असा ताण तुमच्या हाताला कधी जाणवला, तर रागाने हिसका देऊ नका. जरा थांबा, मला माझ्या जागी ठेवा, आणि मागे वळून पाहा. तुमच्यामागे, खोलीच्या त्या टोकाला, कुणीतरी टाचा उंचावून पावासाठी उभं असेल.