गोड बोलणारी मी

मी शिकवते त्या संस्थेने संगणकावर माझी नक्कल बनवली तेव्हा पहिली शिसारी आली ती तिच्या हसण्याची. चेहरा माझा, आवाज माझा, पण बोलणं साखरेत घोळलेलं. इतकं गोड मी जन्मात कधी बोललेली नाही.

मी डॉक्टर, नर्स आणि औषध दुकानदारांना शिकवते. विषय गांजा आणि हेंप. झाड एकाच जातीचं. गांजाने नशा चढते, हेंपच्या तेलाने चढत नाही. नशा नाही म्हणजे धोकाही नाही असं लोक धरून चालतात, आणि तिथेच घोटाळा होतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना ते तेल घेतलं की गोळीचा जोर वाढतो आणि रक्त थांबेनासं होतं. पण पेशंट तेलाचं सांगत नाही. कुणाला लाज वाटते, कुणाला ते औषधच वाटत नाही. म्हणून वर्गात मी स्वतः पेशंट होऊन बसायचे आणि धडधडीत खोटं बोलायचे. "बाकी काही घेता का?" "नाही." दुसऱ्यांदा विचारलं तरी नाहीच. तिसऱ्यांदा, "तेल, थेंब, कुणी प्रेमाने दिलेलं काही?" असं विचारलं की मग कबूल व्हायचे. जो एकदाच विचारून थांबे, त्याची सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत करायचे.

अर्थात तक्रारी गेल्या. संचालकांनी माझं चित्रीकरण करून घेतलं आणि वर्ग पडद्यावर नेला. शिकवणारी नक्कल, पेशंटही यंत्राचाच. त्याला विचारायचा अवकाश, तो सगळं घडाघडा ओकतो.

"असला पेशंट जगात कुठे भेटतो?" मी संचालकांना विचारलं.

"मॅडम, यंदा एकही जण नापास नाही," ते म्हणाले. अशा माणसापुढे काय डोकं आपटणार.

परवा सकाळी सासूबाईंच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. त्यांच्या हृदयाचे ठोके चुकतात, त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी रोजची. मी त्यांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरचा चेहरा मला बघून खुलला.

"मॅडम, तुमचाच कोर्स केलाय मी, पडद्यावरचा. पहिला आलो." मग तो सासूबाईंकडे वळला. "आजी, या गोळीशिवाय बाकी काही घेता?"

"नाही रे बाबा."

"छान," म्हणून तो टाइप करायला लागला. रिपोर्टमध्ये रक्त नको तितकं पातळ झालेलं, सासूबाईंच्या मांडीवरचा टॉवेल लाल, आणि हा पठ्ठ्या संगणकाला कारण विचारतोय. संगणक म्हणाला, चुकून दोन गोळ्या घेतल्या असतील. रक्त थांबलं की घरी पाठवा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं काही पोटात जात असेल आणि घरी गेल्यावरही जात राहिलं, तर पुढचं रक्त नाकातून नाही, मेंदूत येईल.

"पुन्हा विचार," मी म्हटलं.

"मॅडम, त्या नाही म्हणाल्या ना."

"पुन्हा विचार."

त्याने विचारलं. सासूबाई "नाही" म्हणाल्या, पण या वेळी माझ्याकडे बघून त्यांनी नजर चुकवली. तिसऱ्यांदा मीच विचारलं. "आई, तेल, थेंब, कुणी प्रेमाने दिलेलं काही?"

"याच्यासमोर नको," त्या पुटपुटल्या. "उगाच तुझ्या नोकरीवर यायचं."

"माझ्या?"

त्यांनी पर्समधून बाटली काढली. हेंपचं तेल, गुडघ्यांसाठी. मग मोबाईल काढून पुढे धरला. पडद्यावर पांढऱ्या कोटात मीच. "आई, गुडघे दुखतात ना? सकाळ-संध्याकाळ दहा थेंब. अगदी बिनधास्त घ्या." खाली तेलाच्या कंपनीचं नाव. संस्थेने माझं तोंड तिथेही विकलं होतं.  मी बाटली डॉक्टरच्या हातात दिली.

डॉक्टरने बाटली उलटसुलट करून पाहिली.  सासूबाईंना भरती करून घेतलं, गोळीचा जोर उतरवणारं इंजेक्शन मागवलं. दुपारी रक्त थांबलं.

मी संचालकांना फोन लावला. "करारात बसतं ते, मॅडम. आणि लोकांचा तुमच्यावर किती विश्वास आहे बघा," ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांना जे काही सुनावलं, ते त्या नकलेला सात जन्मांत जमलं नसतं. संध्याकाळपर्यंत जाहिरात उतरली.

सासूबाईंच्या उशाशी बसले तेव्हा माझा राग अजून धुमसतच होता. "एका घरात राहतो आपण, आई. मला एकदा विचारायचं तरी."

"तुला काय विचारणार? खेकसली असतीस." त्यांनी मोबाईल हातात घेतला, कोरा पडदा पाहिला आणि परत ठेवून दिला. "मला वाटलं, समोर गोड बोलायला तुला जमत नाही, म्हणून तिथून सांगतेस."