गुस्तीभाऊंची साक्ष

"साक्षीदार सांगतो की," न्यायाधीशबाई माझ्याकडे न बघता बोलू लागल्या आणि मी टाइप करू लागले, "आरोपीशी त्याची बाचाबाची झाली व त्यानंतर..."

"बाचाबाची नाही झाली," गुस्तीभाऊ म्हणाले.

माझी बोटं थांबली. आमच्या कोर्टात साक्षीदार आपल्या परीने बोलतो, न्यायाधीश ते कायद्याच्या भाषेत घोळवून मोठ्याने सांगतात आणि मी उतरवून घेते. सव्वीस वर्षं हेच करते आहे. माणसं आत येतात ती चुरगळलेली, कागदावर उतरतात ती इस्त्री केलेली. मध्ये कुणी हटकत नाही. हटकायचा हक्क असतो, पण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो.

"मग काय झालं?" बाईंनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

"बाचाबाचीला दोघं लागतात, बाई. मी 'पाण्याचा मीटर' एवढंच म्हणालो होतो."

कोलोम्पार गुस्ताव, वय अठ्ठावन्न. गावातले मीटर वाचण्याचं काम एकतीस वर्षं तेच करतात. बहुतेक मीटर असतात तळघरात, त्यामुळे कुणाकडे किती बटाटे सडलेत आणि कुणाचा नवरा जळाऊ लाकडांमागे बाटली लपवतो, हे सगळं त्यांना माहीत. पण त्यातलं अवाक्षर कधी बाहेर आलं नाही. जिप्सी वस्तीतून सरकारी शिक्क्याची नोकरी मिळालेला हा पहिला माणूस. मार्चमध्ये वाराडींच्या घरी मीटर वाचायला गेले असताना त्यांच्या मुलाने, लेव्हेन्तेने, त्यांना तळघराच्या पायऱ्यांवरून ढकललं आणि खाली उतरून लाथा घातल्या. दोन बरगड्या आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

सरकारी वकिलांचा कुठलासा कागद वर राहिला होता, म्हणून दहा मिनिटं सुट्टी झाली. बाहेरच्या बाकावर गुस्तीभाऊंची मुलगी अरांका बसली होती. बालवाडीत मदतनीस आहे. तिने रुमालातून खारे पोगाचे, म्हणजे आमच्याकडचे छोटे गोल पाव, काढून एक माझ्याही हातात दिला आणि लगेच वडिलांकडे वळली.

"एकच वाक्य, बाबा. तो म्हणाला, 'घाणेरड्या जिप्सी.' एवढंच सांगा. मदत संस्थेच्या वकीलबाई काय म्हणाल्या? तोंडून तसं काही निघालं असेल तरच द्वेषाचं कलम टिकतं. नाहीतर साधी मारामारी. हसत घरी जाईल तो."

"पण तो तसं म्हणाला नाही गं."

"मनात म्हणाला असेल की!"

"मनात कुठे मीटरचा काटा असतो, पोरी, वाचायला?"

"मग नक्की झालं काय होतं?" माझ्या तोंडून गेलं. टायपिस्टने विचारू नये, पण पोगाचा खाल्ल्यावर माणूस जरा पाहुणा होतो.

गुस्तीभाऊ म्हणाले, "त्याने विचारलं, तू कोण. मी गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्याने ते हातात धरलं, मोठ्याने नाव वाचलं. कोलोम्पार. मग हसला. मग ढकललं."

आमच्या जिल्ह्यात कोलोम्पार आडनावाचा माणूस कुठल्या रस्त्याला राहतो, हे पोस्टमनला विचारावं लागत नाही.

आरोपीचे वकील पाल्फी कॉफीच्या यंत्राला थापा मारत उभे होते. मनाने वाईट नाहीत ते, फक्त गप्प बसवत नाही. म्हणाले, "खरं सांगू का? बरगडी ती बरगडी. मारणाऱ्याला त्याची शिक्षा आहेच. उद्या मला कुणी ढकललं तर माझी बरगडी स्वस्त का?"

"तुम्हाला ढकललं तर तुम्ही एकटे पडाल, वकीलसाहेब," अरांका म्हणाली. "बाबांना ढकललं तर आमची अख्खी गल्ली पडली. आई अजून एकटी दुकानात जात नाही. तिला तर कुणी बोटही लावलेलं नाही."

"भीती मोजणार कशी? कायद्याला माप लागतं."

"मग मापायला बाबांना बोलवा. तेच करतात आयुष्यभर."

पाल्फी हसले. कॉफी एकदाची पडली. "हे कलम आलं तेव्हा तुम्हीच खूश होतात. आजवर आपल्या कोर्टात ते कुणाला लागलं, विचारा पिरोष्काबाईंना." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पोगाच्याचे कण झाडत बसले. त्या कलमाचा आकडा मी दोनदा टाइप केला आहे, आणि दोन्ही वेळा वस्तीतल्या पोरांच्या नावापुढे. वस्तीभोवती घिरट्या घालणाऱ्या एका गाडीवर ती धावून गेली होती आणि काचा फोडताना मॅग्यारांच्या, म्हणजे आमच्या लोकांच्या, आयाबहिणी काढत होती. साक्षीदार भरपूर होते. आमच्यातली, जरा शिकलेली पोरं मारताना तोंड मिटून मारतात.

"म्हणूनच सांगते, बाबा," अरांका हळू आवाजात म्हणाली. "कायदा आपल्यासाठी केला म्हणतात ना? मग एकदा तरी आपल्या कामी येऊ दे. तुम्ही खोटं बोलत नाही, त्यानेच अर्धं बोलायचं ठेवलं."

"वाराडीणबाई मला एकदा म्हणाली होती, गुस्ती, दोन आकडे कमी लिही. नाही लिहिले," गुस्तीभाऊ म्हणाले. "तिच्याच पोरावर आता दोन जास्त लिहू?"

"हा पोरगा म्हणजे मीटर आहे का, बाबा!"

घंटा वाजली.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, "मारताना आरोपी तुम्हाला काही बोलला?"

लेव्हेन्ते बुटांकडे बघत होता. त्याच्या आईने पर्स पोटाशी घट्ट धरली होती. गुस्तीभाऊंनी एकदा मागे, मुलीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

मागच्या रांगेतली खुर्ची करकरली. अरांका बाहेर गेली. दार तिने आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"आरोपीने कोणतेही उद्गार काढले नाहीत," बाईंनी मला सांगितलं.

"बाई, त्याने आधी माझं नाव वाचलं. मोठ्याने. आणि हसला. ते राहिलं."

"नाव वाचणं हा गुन्हा नाही, कोलोम्पार."

"गुन्हा म्हणून नका लिहू. घडलं म्हणून लिहा."

बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. सरकारी वकील खिडकीबाहेर बघत होते. मग बाई सावकाश बोलल्या, आणि त्या वाक्यात त्यांनी एकही शब्द घोळवला नाही. मी ते टाइप केलं. फाइलमध्ये आहे ते, अजून आहे.

त्याच दुपारी निकाल साध्या मारहाणीचा लागला. शिक्षा झाली, पण ती स्थगित. द्वेषाचं कलम सिद्ध झालं नाही. मला विचाराल तर ते कलम असावं की नसावं हे मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. त्या दिवशी ते न लागल्याचा राग आला एवढं खरं, आणि लागलं असतं तर ते एका खोट्या वाक्यावर उभं असतं, हेही खरं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर वाराडीणबाईने गुस्तीभाऊंचा हात धरला. "देव तुमचं भलं करो. तुम्ही तुमच्या लोकांसारखे नाही हो."

"मी त्यांच्यासारखाच आहे, बाई," ते म्हणाले आणि हात अलगद सोडवून बसथांब्याकडे निघाले. थांब्यावर अरांका नव्हती. ती आधीच्या बसने गेली होती.

जूनमध्ये आमच्या इमारतीच्या मुख्य दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. रहिवाशांनी आपापला पाण्याचा आकडा स्वतः लिहावा, म्हणजे मीटरसाठी कुणी घरात यायला नको, कुणाची गैरसोय नको. वाराडींच्या रस्त्यावर एप्रिलपासूनच प्रत्येक फाटकावर अशी चिठ्ठी असते, असं ऐकलं होतं. मला कामाला जायची घाई होती. सगळ्यांनी लिहिलं होतं, मीही लिहिलं.

शुक्रवारी लवकर घरी आले तर गुस्तीभाऊ त्या कागदासमोर उभे राहून वहीत आकडे उतरवत होते.

"तिसरा मजला डावीकडे, हा सात ना, पिरोष्काबाई?"

"सातच. वर चला ना, कॉफी टाकते. मीटरही बघून घ्या."

"आकडा मिळाला की." त्यांनी सात लिहिला, वही खिशात घातली. मग दाराशी असलेल्या पायपुसण्यावर आधी एक बूट नीट पुसला, मग दुसरा, आणि आत न येता मागे वळून निघून गेले.